क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा जोतिबा फुले मंडई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याची पेटी आणायला, दिवाळीच्या सुक्यामेव्याला, केकच्या साच्यांना किंवा वाढदिवसाच्या सजावटीला आपण सगळे या मंडईत कधी ना कधी गेलेलो असतो. गर्दीतून वाट काढताना नजर मालावर आणि हात पाकिटावर असतो, त्यामुळे डोक्यावर काय आहे ते पाहायचं राहून जातं. मी लहानपणी आईचा पदर धरून इथे यायचे, तेव्हा मीही पाहिलं नव्हतं. पुढे नातेवाइकांना, मित्रमैत्रिणींना इथे फिरवू लागले आणि तेच तेच प्रश्न पुन्हा येऊ लागले. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

नक्की नाव कोणतं म्हणायचं?

अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. टॅक्सीवाला, बसवाहक आणि निम्मी मुंबई अजूनही क्रॉफर्ड मार्केट म्हणते, आणि दोन्ही नावांनी तुम्ही बरोबर ठिकाणी पोचता. या लेखात मी इमारतीला ‘मंडई’ म्हणते आहे. हे नाव का बदललं आणि ते बदलणं का शोभतं, ते पुढे येईलच.

मंडई कधी बांधली? त्या आधी इथे काय होतं?

इमारत १८६९ साली पूर्ण झाली. त्या आधी ही जागा कोटाच्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराच्या, बाहेरच्या मोकळ्या मैदानाचा, एस्प्लनेडचा, भाग होती. कोटात इंग्रज आणि धनिक व्यापारी राहायचे, तर उत्तरेला देशी वस्ती दाटलेली. मधलं मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मुद्दाम रिकामं ठेवलेलं असे. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, म्हणजे १८६० च्या दशकात, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि ही जागा बांधकामासाठी खुली झाली.

पैसाही त्याच वेळी आला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं तसे शेअर कोसळले, पेढ्या बुडाल्या, भले भले रस्त्यावर आले. तरीही शहराने जी बांधकामं मनावर घेतली होती त्यांतली बरीच पुरी झाली. ही मंडई त्यांतलीच एक, आणि पहिल्या काही इमारतींपैकी. शेजारचं बोरीबंदरचं स्थानक, महापालिकेची इमारत हे सगळं हिच्यानंतरचं आहे.

गरज मात्र अगदी रोजच्या जगण्यातली होती. वस्ती झपाट्याने वाढत होती. मांस, मासळी आणि भाजी अरुंद गल्ल्यांतल्या जुन्या बाजारांत विकली जाई. पाण्याचा निचरा धड नाही, कुजका माल तिथेच पडलेला. रोगराईची भीती कायम होती. धुता येईल अशी फरशी, खेळती हवा, वेगवेगळ्या मालाला वेगवेगळे भाग आणि नगरपालिकेची देखरेख असलेला बाजार हे त्यावरचं उत्तर होतं. गॉथिक कमानी नजरेत भरतात, पण ही मंडई उभी राहिली ती सार्वजनिक आरोग्यासाठी, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हे क्रॉफर्ड कोण?

आर्थर क्रॉफर्ड हे मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. १८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका कमिशनरच्या हाती आला आणि त्या खुर्चीवर ते बसले. माणूस प्रचंड कामाचा. रस्ते रुंद केले, गटारांचं आणि सफाईचं काम अंगावर घेतलं, मंडई उभी केली. पण खर्चाला धरबंद नव्हता. करदाते चिडले, हिशेबावरून वादळ उठलं आणि १८७१ साली त्यांना ते पद सोडावं लागलं.

त्या वादातून मुंबईला एक फार मोलाची गोष्ट मिळाली. तरुण फिरोजशहा मेहता त्या वेळी म्हणाले की एका कर्त्या अधिकाऱ्याच्या हाती अंमलबजावणी असणं चूक नाही, त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा अंकुश हवा. १८७२ च्या कायद्याने करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला. आजही महापालिकेत आयुक्त आणि नगरसेवक अशी जी दोन चाकं आहेत, त्यांचं मूळ या भांडणापर्यंत जातं.

क्रॉफर्डची गोष्ट इथे संपत नाही. पुढे ते मध्य विभागाचे कमिशनर म्हणून पुण्याला गेले. १८८८ मध्ये त्यांच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. बढतीसाठी, बदलीसाठी मामलेदारांकडून मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, असं ते प्रकरण होतं. सरकारने चौकशी आयोग नेमला. साक्ष देणाऱ्यांना काही होणार नाही असं अभय दिलं, म्हणून मामलेदार पुढे आले आणि पैसे दिल्याचं सांगून बसले. आयोगाला लाच सिद्ध झाली असं वाटलं नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जं घेतल्याचा ठपका मात्र बसला आणि क्रॉफर्ड नोकरीतून गेले. त्यानंतर वरून ओरड सुरू झाली ती मामलेदारांविरुद्ध : लाच दिल्याचं यांनी कबूल केलं आहे, यांना ठेवता कसं? दिलेलं अभय सरकार मोडायला निघालं. तेव्हा या मामलेदारांच्या बाजूने जो माणूस उभा राहिला तो म्हणजे बाळ गंगाधर टिळक. त्यांनी ‘केसरी’तून लिहिलं, १८८९ मध्ये पुण्यात सभा घेतली, विलायतेत प्रश्न पोचवला. टिळकांच्या सार्वजनिक आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी हा एक.

आता मंडईच्या कोपऱ्यावर उभं राहून रस्त्याची पाटी वाचा. पूर्वीचा कारनॅक रोड आज लोकमान्य टिळक मार्ग आहे.

मग महात्मा फुल्यांचं नाव कसं आलं? ते तर पुण्याचे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजांची नावं बदलली गेली, त्यात हे नाव आलं. फुल्यांचं मुंबईशी नातं मात्र घट्ट होतं. त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मुंबईतच मिळाली, ११ मे १८८८ रोजी, मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभेत. मांडवी म्हणजे या मंडईपासून चालत जाण्याच्या अंतरावर. क्रॉफर्ड प्रकरण पेटलं तेही १८८८ मध्येच. एकाच वर्षी एका नावाची पत गेली आणि दुसऱ्याला लोकांनी महात्मा म्हटलं. दोन्ही नावं या एका इमारतीवर येऊन मिळाली आहेत.

आणखी एक गोष्ट. फुल्यांचं घराणं माळ्याचं, फुलांच्या व्यवसायावरून आडनाव पडलेलं. शेतकऱ्याच्या घामाचं मोल मधले लोक कसं खातात हे त्यांनी आयुष्यभर मांडलं. शेतमाल जिथे विकला जातो त्या जागेला त्यांचं नाव असणं मला मनापासून योग्य वाटतं.

पुण्याची महात्मा फुले मंडई आणि ही, एकच का?

नाही, आणि हा गोंधळ फार होतो. पुण्याची मंडई १८८६ साली सुरू झाली, तिचं मूळ नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून. तिचा अष्टकोनी मनोरा मध्यभागी आहे आणि त्याच्यापासून हात फुटावेत तसे पाखे बाहेर गेले आहेत. मुंबईची मंडई तिच्याहून सतरा वर्षांनी थोरली.

पुण्याच्या मंडईचा प्रस्ताव आला तेव्हा फुले तिथल्या नगरपालिकेचे सभासद होते आणि एवढ्या खर्चाला त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणावर जावा असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं.

इमारतीचा वास्तुकार कोण होता?

विल्यम इमर्सन. जन्म १८४३ चा, म्हणजे मंडई उभी राहिली तेव्हा वय सव्वीसच्या आसपास. विल्यम बर्जेस या नामांकित इंग्रज वास्तुकाराचा तो शिष्य. बर्जेसने मुंबईच्या कलाशाळेसाठी केलेले आराखडे घेऊन तो इथे आला. ती शाळा त्या आराखड्यांप्रमाणे काही बांधली गेली नाही, पण इमर्सन राहिला आणि त्याला मंडईचं काम मिळालं. नंतर त्याने अलाहाबादचं ऑल सेंट्स कॅथीड्रल, तिथलंच म्यूर कॉलेज आणि भावनगरच्या इमारती केल्या. कोलकात्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल हे त्याचं सगळ्यात गाजलेलं काम. ते पांढऱ्या संगमरवराचं मेमोरियल आणि ही दगड-लोखंडाची मंडई एकाच हातची आहे, हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही.

शैली कोणती म्हणायची?

सर्वसाधारणपणे व्हिक्टोरियन गॉथिक. त्यात नॉर्मन आणि फ्लेमिश वळणं आहेत असं जाणकार सांगतात. साध्या शब्दांत सांगायचं तर दर्शनी बाजूला टोकदार कमानी, उतरती उंच छपरं, जाड दगडी खांब आणि कोपऱ्यावर घड्याळाचा मनोरा, सुमारे १२८ फूट उंच. युरोपातल्या मध्ययुगीन गावच्या बाजारपेठेचं रूप मनात धरून हे केलेलं आहे.

मला यातला सगळ्यात आवडता भाग दगडाचा. मुख्य बांधकाम कुर्ल्याच्या खरबरीत पिवळसर दगडाचं आणि त्यात वसईकडचा तांबूस दगड. दोन रंगांच्या या जोडीमुळे कमानी उठून दिसतात, रंगाचा हात फिरवावा लागत नाही. आकार विलायती असला तरी अंग इथल्याच मातीचं आहे. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की दोन्ही दगड गडद होतात आणि तांबडा अगदी विटेसारखा दिसतो. ते एकदा तरी पाहायला हवं.

कमानींवरची शिल्पं कोणाची? रुडयार्ड किपलिंगची का?

त्यांच्या वडिलांची. जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत आले ते समोरच्याच सर ज. जी. कलाशाळेत शिल्पकला शिकवायला. त्या वर्षी ३० डिसेंबरला तिथेच रुडयार्डचा जन्म झाला. पुढे १८७५ मध्ये लॉकवुड लाहोरला गेले.

मुख्य दारांवरच्या कमानींच्या पोटात त्यांनी उठावाची शिल्पं बसवली आहेत. त्यांत शेतात राबणारे शेतकरी, पीक, बाजाराला निघालेला माल अशी आपलीच माणसं आहेत. राजे, सेनापती, देवदूत यांना तिथे जागा नाही. गव्हाच्या शेतात राबणाऱ्या माणसाला सरकारी इमारतीच्या कपाळावर बसवणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. किपलिंग कारागिरांना माणूस म्हणून पाहत आणि इथल्या कसबांबद्दल त्यांना खरा आदर होता, तो या चेहऱ्यांत दिसतो. डोक्यावरच्या टोपलीचा तोल सावरताना मानेला येणारा ताण दगडात उतरवायला तो ताण आधी बारकाईने पाहावा लागतो.

शिल्पं नीट पाहायची तर दाराशी थांबू नका, रस्त्याच्या पलीकडे जा. अगदी खाली उभं राहिलं तर कोन चुकतो.

आत उकडत कसं नाही? पंखे तर थोडेच दिसतात.

उकडतंच, मे महिन्यात चांगलंच. पण एवढी माणसं, एवढा माल आणि एवढी फळं असूनही जीव गुदमरत नाही, त्याचं श्रेय छपराला.

दर्शनी दगडी भागाच्या मागे दोन्ही बाजूंना लांब पाखे आहेत, एक आखूड, एक बराच लांब. यांच्यावर दगड नाही. बारीक लोखंडी खांब आणि त्यावर दुहेरी लोखंडी छप्पर. तापलेली हवा वर चढते आणि दोन छपरांमधल्या फटीतून बाहेर पडते, खालून कमानींमधून ताजी हवा आत येते. वरचा पत्रा उन्हाने तापला तरी मधल्या हवेमुळे ती धग थेट खालच्या मालावर येत नाही. उजेडही वरून, आडवा गाळून येतो. त्यामुळे फळांवर ऊन पडत नाही, पण हापूस पिकला आहे की नुसता पिवळा केला आहे हे ओळखण्याइतका प्रकाश मिळतो. दगडी भिंतींनी एवढा रुंद हॉल झाकायचा तर आत जाड खांबांची गर्दी झाली असती. लोखंडामुळे जमीन मोकळी राहिली, हमालांना पाट्या डोक्यावर घेऊन सरळ चालता आलं.

पायाखालची जुनी लादी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या केथनेसची. ती जहाजातून इथवर आणली, कारण तो दगड टणक, थरांत सपाट फुटणारा आणि धुतला की लवकर सुकणारा. मासळी-भाजीच्या बाजाराला याहून चांगली फरशी त्यांना ठाऊक नव्हती.

आतल्या कारंज्याबद्दल सांगा.

कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूरांच्या देणगीतून ते उभं राहिलं. रचना इमर्सनची, कोरीव काम किपलिंगचं. भारतातल्या नद्या स्त्रीरूपात, सोबत प्राणी आणि पक्षी. कित्येक वर्षं त्यावर भडक तैलरंगाचे थरावर थर चढत गेले आणि कोरीव रेषा बुजल्या. अशा दगडाला रंग लावू नये. दगडातली ओल बाहेर पडू शकत नाही, आतून पापुद्रे सुटतात, आणि रंग खरवडताना शिल्पाची कडही सोबत जाते. ज्यांनी रंग दिला त्यांनी कौतुकानेच दिला असणार, पण नुकसान व्हायचं ते झालं.

भारतात पहिली वीज इथे लागली, हे खरं का?

बरंचसं खरं. १८८२ मध्ये ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी नगरपालिकेने करार केला आणि मंडईत विजेचे दिवे लागले. मात्र कलकत्त्यात १८७९ मध्येच विजेच्या दिव्यांचं प्रात्यक्षिक झालं होतं, म्हणून ‘भारतातली पहिली वीज’ म्हणण्यापेक्षा विजेने उजळलेल्या पहिल्या सार्वजनिक इमारतींपैकी एक असं मी म्हणते. पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेली. शहरात वीज पक्की रुजली ती १९०५ मध्ये, आज आपण जिला बेस्ट म्हणतो ती कंपनी आल्यावर.

इमर्सन, किपलिंग, क्रॉफर्ड ठीक. पण प्रत्यक्ष बांधली कोणी?

मला सगळ्यात जास्त आवडणारा प्रश्न. या एका इमारतीच्या पाथरवटांची, गवंड्यांची नावं कुठल्या शिळेवर नाहीत. पण त्या काळातली मुंबई कोणी बांधली हे माहीत आहे. घाटावरून आणि कोकणातून आलेले मजूर, आणि मोठ्या संख्येने तेलुगू बोलणारे कामाठी, ज्यांच्यावरून कामाठीपुरा हे नाव पडलं. त्यांच्यातूनच काही मोठे कंत्राटदार झाले. जाया कराडी लिंगू, व्यंकू बाळाजी काळेवार ही त्यांतली नावं. दोघेही सत्यशोधक समाजाचे खंदे आधार होते. फुल्यांच्या चळवळीला मुंबईतून जो पैसा आणि जी माणसं मिळाली, त्यात दगड-चुन्याच्या धंद्यातल्या या लोकांचा मोठा वाटा आहे. स्वतः फुलेही कंत्राटदारी करत. त्यामुळे मंडईवरचं त्यांचं नाव मला बांधणाऱ्या हातांचंही वाटतं.

घाऊक बाजार इथून का गेला?

जागा पुरेना. ट्रकांची रांग, पहाटेची कोंडी, बाजूच्या अरुंद गल्ल्या. १९९६ मध्ये फळांचा घाऊक व्यापार नवी मुंबईत, वाशीला कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात हलवला. तोवर रत्नागिरी-देवगडच्या हापूसची पहिली पेटी इथे आली की वर्तमानपत्रात बातमी व्हायची. आज इथे किरकोळ फळं, सुकामेवा, मसाले, चॉकलेटं, बेकरीचं सामान, प्रसाधनं यांचा धंदा चालतो.

इमारतीला वारशाचा दर्जा आहे का? युनेस्कोच्या यादीत आहे का?

मुंबईच्या वारसा यादीत पहिल्या श्रेणीत आहे. युनेस्कोच्या यादीत मात्र नाही. तिथे आहेत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४) आणि ओव्हल मैदानाभोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारती (२०१८).

मध्यंतरी पाडणार असं ऐकलं होतं?

खासगी विकसकाला घेऊन संपूर्ण आवाराचा पुनर्विकास करण्याचा प्रस्ताव आला होता आणि वारसाप्रेमींनी, गाळेधारकांनी त्याला जोरदार विरोध केला. पुढे महापालिकेने जुनी दगडी इमारत जपायची आणि मागच्या भागात नवं बांधकाम करायचं अशी टप्प्याटप्प्याची वाट धरली. मागच्या जुनाट, गळक्या शेड जशाच्या तशा ठेवाव्यात असं माझंही म्हणणं नाही. मासळी आणि मांस विकणाऱ्यांना स्वच्छ ओटे, पाणी, शीतगृह मिळायलाच हवं, मंडई बांधली होती त्याचसाठी. पण दुरुस्तीनंतर भाडी वाढून जुने गाळेधारक बाहेर आणि आत काचेची दुकानं, असं झालं तर मात्र कमानी शाबूत राहूनही मंडई राहणार नाही.

पहिल्यांदाच नीट पाहायची आहे. कसं जाऊ?

सीएसएमटीवरून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेला चाललं की दहा मिनिटांत मनोरा दिसतो. सकाळी जा, माल लावणं चालू असतं आणि गर्दी कमी. आधी समोरच्या पदपथावरून कमानींवरची शिल्पं पाहा, मग आत शिरा. फोटो काढण्याआधी गाळेवाल्याला विचारा, कारण ही त्याची कामाची जागा आहे, आणि विचारलं की बहुतेक जण स्वतःहून चार गोष्टी सांगतात. डाळिंब किंवा पेरू घ्या, भाव करा. नंतर लांब पाख्याच्या मधोमध जाऊन एक मिनिट थांबा आणि मान वर करा : छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्यांच्या रांगेमधून उजेड तिरपा खाली येतो आणि संत्र्यांच्या राशींवर पोचेपर्यंत मऊ होतो.